विनानंबरची ई-स्कूटर ‘पळवायची’ आहे? आधी हे वाचा

शेतावर चक्कर मारायला, डेअरीला दूध घालायला गावोगाव विनानंबरच्या ई-स्कूटर आल्या आहेत. लायसन नको, पासिंग नको, पेट्रोल नको. पण चढाला गाडी दमते, रस्त्याला मागे पडते. मग कुणीतरी सांगतो, “एक वायर काढली की पन्नासनं पळंल.” गाडी पळतेही. पण त्या वायरीबरोबर आणखी काय तुटते, ते समजून घ्या.

२५ ची मर्यादा कशासाठी?
केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किमीपर्यंत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेली अशी गाडी ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. म्हणून तिला नोंदणी, लायसन, विमा लागत नाही. वेग वाढवला की ही सूट गेली.

गॅरेजमध्ये काय करतात?
पहिला प्रकार, कंट्रोलरची वेग रोखणारी वायर सोडवणे. दुसरा, जास्त अँपिअरचा कंट्रोलर किंवा मोठी मोटर बसवणे. तिसरा, ४८ व्होल्टच्या जागी ६० व्होल्टची बॅटरी जोडणे. मोटरचे फेरे व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतात, त्यामुळे रिकाम्या गाडीचा वेग साधारण पाव पटीने वाढतो.

बिघाड कुठून सुरू होतो?
४८ व्होल्टवर २५० वॅटला सुमारे ५ अँपिअर करंट लागतो, १००० वॅटला सुमारे २१. करंट चौपट झाला की त्याच वायरीत उष्णता सोळापट होते. आधी कनेक्टर वितळतो, मग मोटरची वाइंडिंग जळते. ४८ व्होल्टच्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये ६३ व्होल्टचे कपॅसिटर असतात. ६० व्होल्टची लिथियम बॅटरी फुल चार्जला ६७ च्या वर जाते, तिथे ते फुटू शकतात.

सगळ्यात घातक म्हणजे बॅटरीचा बीएमएस बायपास करणे. जादा करंट, जादा चार्जिंग रोखणारा हा राखणदार काढला की लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. रात्री ओसरीत किंवा घरात चार्जिंगला लावलेली गाडी असेल तर घरच धोक्यात.

आणि ब्रेक? वेग २५ वरून ५० झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. ब्रेक, टायर, चेसिस मात्र २५ च्याच हिशोबाचे असतात.

कायदा काय म्हणतो?
मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. विनालायसन, विनानोंदणी, विनाविमा यांचा दंड वेगळा. गाडी अल्पवयीन पोराच्या हातात असेल तर कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. राज्याच्या परिवहन खात्याने अशा गाड्यांवर २०२२ मध्ये खास मोहीमही घेतली होती.

दंड एकवेळ भरता येईल. पण अपघातात समोरचा माणूस दगावला आणि विमा नसला, तर न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई मालकाच्या खिशातून जाते. ती रक्कम लाखांत असते. मग घर, जमीन, सगळेच पणाला लागते.

मग करायचे काय?
– टायरमध्ये हवा पुरेशी ठेवा, ब्रेक घासत नाहीत ना ते बघा, बॅटरीचे टर्मिनल साफ ठेवा. दमलेली गाडी निम्मी यातच सुधारते.
– डबलसीट आणि ओझे घेऊन चढ चढू नका.
– रोज लांबचा पल्ला किंवा चढ असेल तर हिरव्या नंबर प्लेटची, नोंदणी होणारी गाडी घ्या. ई-वाहनांचे नोंदणी प्रमाणपत्र शुल्क केंद्राने २०२१ पासून माफ केले आहे.
– गाडी घेताना तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र मागा. दुकानदारच “वेग वाढवून देतो” म्हणाला तर तिथून गाडी घेऊ नका. असा बदल करून विकणाऱ्यालाही एका गाडीमागे १ लाखापर्यंत दंड आहे.
– जुनी गाडी घेताना वायरिंगला जोड दिसले, कंट्रोलर बदललेला वाटला, तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा, मगच पैसे द्या.