संकलकाचा माळा

२३ सप्टेंबर २०१९, सोमवारची संध्याकाळ. लॉस एंजेलिसमध्ये मालिका आणि चित्रपटांचं संकलन चालणाऱ्या स्टुडिओंतले ॲपलचे मॅक प्रो संगणक एकामागून एक मान टाकू लागले. यंत्र सुरू असेपर्यंत काम व्यवस्थित चालायचं. एकदा बंद करून पुन्हा सुरू करायला गेलं, की ते उठायचंच नाही. यांतल्या बहुतेक यंत्रांवर ॲव्हिडचं मीडिया कंपोझर हे संकलनाचं सॉफ्टवेअर होतं, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावरच गेला. व्हायरस शिरल्याची बोलवा पसरली. ॲव्हिडनं ग्राहकांना कळवलं: यंत्र चालू असेल तर बंद करू नका, आणि कामाचा बॅकअप घ्या.

या प्रकरणाचा छडा दोन दिवसांत लागला आणि गुन्हेगार भलताच निघाला. त्याची हकीकत पुढे येईल. त्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण संकलनाच्या खोलीत ऐन वेळी काहीतरी तुटणं हे या धंद्याइतकंच जुनं आहे. त्यावर शोधलेला उपायही तितकाच जुना आहे.

सुरुवातीच्या काळात संकलक फिल्मची पट्टी उजेडासमोर धरून बघायचा, कात्रीनं कापायचा आणि सिमेंटनं चिकटवायचा. इवान सेरुरिए यांनी १९१७ साली घरात सिनेमा दाखवण्यासाठी मूव्हिओला नावाचं यंत्र बनवलं. ते महाग होतं आणि फारसं खपलं नाही. १९२४ साली तेच यंत्र बदलून डग्लस फेअरबँक्स यांच्या स्टुडिओला संकलनासाठी विकलं गेलं आणि पुढची कित्येक दशकं हॉलिवूडच्या संकलकांच्या टेबलाशी उभं राहिलं. शिवणयंत्रासारखा खडखडाट करणारं हे यंत्र दातेरी चाकांवरून फिल्म ओढायचं. फिल्मच्या भोकांत दाते नीट बसले नाहीत, की पट्टी फाटली.

ही भोकं किती नाजूक बाब आहे, हे मराठी घरात फार लवकर कळलं होतं. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणलं. फिल्म उजेडात आली तर वाया जाणार, म्हणून भोकं पाडायची ती अंधारातच. हे काम सरस्वतीबाई फाळके करायच्या. दिवसभर युनिटचा स्वयंपाक आणि संसार, आणि त्यानंतर अंधाऱ्या खोलीत बोटांच्या अंदाजानं हे काम. एका भोकाची जागा चुकली तर पडद्यावरचं चित्र उडी मारणार. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर स्थिर दिसला, त्यात त्यांच्या बोटांचा वाटा होता, आणि भारतीय सिनेमाच्या तांत्रिक इतिहासात त्यांचं नाव पहिल्या पानावर असायला हवं.

त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणारी. कोडॅकनं १९५०च्या सुमारास तिचं उत्पादन थांबवलं, पण जुनी रिळं गोदामांत राहिली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची हजारो रिळं गेली. त्यापुढे आजचं सॉफ्टवेअर बंद पडणं किरकोळ वाटेल. सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करता येतं.

फिल्मच्या काळात संकलकांनी स्वतःला वाचवलं ते एका शिस्तीनं: मूळ निगेटिव्हला हात लावायचा नाही. निगेटिव्ह लॅबमध्ये, आणि टेबलावर तिची साधी प्रिंट, म्हणजे वर्कप्रिंट. कापायची, चिकटवायची, फाटली तर फाटू द्यायची ती वर्कप्रिंट. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कडेला दर फुटाला, म्हणजे १६ चौकटींना, एक क्रमांक छापलेला असायचा. वर्कप्रिंट फाटली, तर सहायक वहीतून क्रमांक काढून लॅबला कळवायचा आणि तेवढा तुकडा नव्यानं छापून यायचा. शेवटी याच क्रमांकांवरून निगेटिव्ह कापली जायची. चित्रं लॅबच्या ताब्यात सुरक्षित होती. संकलकाची खरी कमाई म्हणजे कुठे कापायचं याचे निर्णय, आणि ते त्या वहीत होते.

कापून उरलेले तुकडे खिळ्यांवर टांगलेले, खाली कापडी पिशवी लावलेला डबा, प्रत्येक तुकड्यावर मेणपेन्सिलीची खूण. या डब्याला बिन म्हणत. एम. एस. शिंदे यांनी ‘शोले’ (१९७५) असाच हातानं कापला. तीन तासांहून लांब चित्रपट म्हणजे अंतिम पट्टीच १६ हजार फुटांच्या वर, आणि ती निघाली चित्रित झालेल्या त्याहून कितीतरी पट लांब फिल्ममधून. त्या वर्षी ‘शोले’ला फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, आणि तो शिंद्यांच्या संकलनाचा होता. त्यांच्या सहायकाचा एखादा तुकडा डब्यात खाली घसरला असता, तर तो गुडघ्यावर बसून शोधावा लागला असता. आजच्या सॉफ्टवेअरमधला ‘बिन’ हा शब्द याच डब्याचा. ज्यांनी तो डबा कधी पाहिला नाही, तेही दिवसातून पन्नासदा त्याचं नाव घेतात.

व्हिडिओटेप आली आणि प्रश्न अवघड झाला. फिल्मवर निदान चित्र दिसायचं. टेपवर डोळ्यांना काहीच दिसत नाही. अँपेक्सनं १९५६ साली आणलेली टेप दोन इंच रुंद होती. ती कापायची तर लोहकणांचं द्रावण लावून चुंबकीय रेघा उमटवायच्या, सूक्ष्मदर्शकातून चौकटीची हद्द शोधायची आणि पात्यानं कापायचं. पातं जरा सरकलं, तर जोडावर चित्र घरंगळायचं. ‘लाफ-इन’ हा झपाट्यानं दृश्यं बदलणारा अमेरिकी कार्यक्रम आर्थर श्नायडर यांनी याच काळात संकलित केला आणि १९६८ साली त्यासाठी एमी पुरस्कार मिळवला. त्यांची पद्धत विलक्षण होती. टेपची एक नक्कल फिल्मवर काढायची. तिच्यासोबत मिनिटं आणि सेकंद मोठ्यानं बोलणारा आवाज मुद्रित केलेला. आधी ती फिल्म कापायची आणि बोललेल्या आकड्यांवरून मूळ टेप जोडायची. पुन्हा तोच मंत्र: मूळ बाजूला, निर्णय आकड्यांत.

संगणक या खोलीत आला १९७१ साली, सीएमएक्स ६०० या नावानं. सीबीएस आणि मेमोरेक्स यांचा हा संयुक्त प्रयोग होता. किंमत अडीच लाख डॉलरच्या घरात. चकत्यांच्या मोठाल्या कपाटांत मिळून अर्ध्या तासाच्या आसपास, तेही काळंपांढरं आणि धूसर चित्र मावायचं. पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून कुठे कापायचं ते सांगायचं. यंत्र लहरी होतं आणि जेमतेम काही विकली गेली. मात्र या कंपनीच्या पुढच्या यंत्रांनी टाइमकोडच्या, म्हणजे प्रत्येक चौकटीची वेळ सांगणाऱ्या आकड्यांची जी यादी छापायला सुरुवात केली, ती ईडीएल नावानं अजून वापरात आहे. साधी मजकुराची फाईल: कोणती टेप, कुठून, कुठवर. सॉफ्टवेअर कोलमडलं तरी ही यादी कुठल्याही संगणकावर उघडते.

बिल वॉर्नर यांनी १९८७ साली ॲव्हिड ही कंपनी काढली आणि १९८९ मध्ये मॅकिंटॉशवर चालणारं ॲव्हिड/१ बाजारात आलं. संकलक ज्याला ‘क्रॅश’ म्हणतात, त्याचा खरा काळ इथून सुरू होतो. त्या वेळच्या मॅकमध्ये प्रत्येक प्रोग्रामची स्मृती दुसऱ्यापासून राखलेली नव्हती. एक प्रोग्राम घसरला, की तो सगळ्या यंत्राला घेऊन खाली यायचा, आणि पडद्यावर वातीच्या बॉम्बचं छोटं चित्र उमटायचं. ते सुझन केअर यांनी काढलं होतं. तासाभराचं काम हातून गेल्यावर ते चित्र बघणं काय असेल, हे त्या काळात काम केलेल्या कुणालाही विचारावं.

कारणंही विचित्र. हार्डडिस्क स्कझी नावाच्या जाड केबलींनी साखळीत जोडलेल्या असत. प्रत्येक डिस्कला वेगळा क्रमांक लागे आणि साखळीच्या टोकाला टर्मिनेटर. दोन डिस्कचा क्रमांक एक झाला, किंवा टर्मिनेटर निसटला, की डिस्क गायब. सहायक टेबलाखाली शिरून केबली एकेक करून काढत आणि लावत. त्याहून फसवा दोष डिस्कच्या पोटात होता. डिस्क तापली, की ती स्वतःचं मोजमाप पुन्हा घेण्यासाठी क्षणभर थांबायची. पत्र टाइप करणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नसे, पण सेकंदाला २४ किंवा ३० चौकटी मागणाऱ्या व्हिडिओची माळ तेवढ्यात तुटायची. शेवटी कारखान्यांनी हा थांबा पुढे ढकलणाऱ्या डिस्क खास व्हिडिओसाठी विकायला काढल्या.

ॲव्हिडनं आणखी एक गोष्ट दिली, आणि तिचं नाव फार समर्पक आहे: ॲटिक, म्हणजे माळा. ठरावीक वेळानं प्रत्येक बिनची जुनी प्रत सॉफ्टवेअर या माळ्यावर टाकत राहतं. क्रॅशनंतर बिन उघडत नसेल, तर सहायक माळ्यावर चढतो आणि दहा-पंधरा मिनिटांपूर्वीची प्रत खाली उतरवतो. शिंद्यांच्या काळातल्या वहीचंच काम आता हा माळा करतो. १९९६ च्या ‘द इंग्लिश पेशंट’चं काम वॉल्टर मर्च यांनी फिल्मवर सुरू करून मध्येच ॲव्हिडवर नेलं, आणि संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटाला पहिल्यांदा संकलनाचं ऑस्कर मिळालं. त्यानंतर मागे वळण्याचा प्रश्न उरला नाही.

दुसरी वाट रँडी उबिलॉस यांची. ॲडोबी प्रीमियरच्या (१९९१) पहिल्या आवृत्त्या त्यांनी लिहिल्या. पुढे त्यांच्याच कामातून फायनल कट प्रो उभं राहिलं आणि ॲपलनं ते १९९९ मध्ये बाजारात आणलं. साध्या घरगुती संगणकावर संकलन शक्य झालं. पण तो ३२ बिटचा काळ होता. असा प्रोग्राम फार तर ४ जीबी स्मृती हाताळू शकतो, मग यंत्रात कितीही रॅम घाला. एचडी व्हिडिओ आला, टाइमलाइन लांबल्या, आणि मर्यादा भरली की प्रोग्राम गपकन मिटायचा. प्रीमियर २०१० मध्ये ६४ बिटचं झालं. ॲपलनं २०११ मध्ये नवं फायनल कट आणलं, आणि त्यात जुने प्रोजेक्ट उघडतच नव्हते. संकलकांचा संताप झाला तो रास्त होता. वर्षानुवर्षांचे निर्णय एका जुन्या दाराआड राहिले होते.

महाराष्ट्रात हा इतिहास गल्लीबोळांतल्या स्टुडिओंतही घडला. लग्नाचं शूटिंग आणि ‘मिक्सिंग’ करणाऱ्या दुकानांत आधी दोन व्हीसीआर आणि मिक्सर, मग संगणकावर एडियस किंवा प्रीमियर. २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत रेंडर, म्हणजे अंतिम व्हिडिओ तयार होण्याचं काम, नव्वद टक्क्यांवर असताना वीज जायची आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून अशा दुकानांत यूपीएस कॅमेऱ्याइतकाच महत्त्वाचा. आता वीज टिकते, पण पाहुण्यांच्या मोबाइलवरच्या क्लिप येतात. मोबाइल प्रकाश आणि प्रोसेसर बघून चौकटींचा वेग स्वतःच कमीजास्त करतो. सॉफ्टवेअर अनेकदा गृहीत धरतं, की वेग एकच आहे. मग मंगलाष्टकांचा आवाज ओठांच्या पुढे धावतो, किंवा प्रोग्राम बंद पडतो. आधी क्लिप एका ठरावीक वेगात बदलून घेतली, तर निम्मी दुखणी जातात.

बाकीच्या निम्म्यांसाठी जो विधी चालतो, तो जवळून बघण्यासारखा आहे. आधी प्रोजेक्टची प्रत करून मूळ बाजूला ठेवायची. प्रीमियर असेल, तर सुरू करताना आल्टची कळ दाबून धरायची, म्हणजे जुन्या सेटिंग्ज पुसल्या जातात. कॅशे, म्हणजे तात्पुरत्या फायलींचा साठा, रिकामा करायचा. ग्राफिक्स कार्डाचा वेग काढून घेऊन फक्त प्रोसेसरवर रेंडर लावून बघायचं. पडणं थांबलं, तर दोष कार्डाच्या ड्रायव्हरचा. तरी पडत असेल, तर रिकाम्या नव्या प्रोजेक्टमध्ये जुनी टाइमलाइन आणायची आणि मधोमध कापायची. पहिला अर्धा नीट निघाला? मग दोष दुसऱ्या अर्ध्यात. त्याचे पुन्हा दोन. तासाभराच्या टाइमलाइनमधून सहा वेळा निम्मं केलं, की मिनिटाभराचा तुकडा हातात राहतो, आणि त्यात बहुधा एखादी अर्धवट कॉपी झालेली क्लिप किंवा जुना प्लगइन सापडतो. पट्टी बोटांमधून सरकवत फाटलेलं भोक शोधणाऱ्या सहायकाची चिकाटी इथेही तीच लागते.

लॉस एंजेलिसच्या त्या प्रकरणातही असंच एकेक बाजूला सारत जावं लागलं. ॲव्हिड सुटलं, व्हायरसही सुटला. दोष निघाला गुगल क्रोमच्या अपडेटमध्ये. पार्श्वभूमीवर आपोआप चालणाऱ्या या अपडेटनं मॅकच्या मुळाशी असलेला ‘व्हार’ नावाचा एक दुवा पुसला होता, आणि त्या दुव्याशिवाय यंत्र सुरूच होऊ शकत नाही. ॲपलनं २०१५ पासून अशा मूळ फायलींभोवती एक कुलूप घातलं आहे. सर्वसाधारण मॅकवर ते लागलेलं होतं, म्हणून तिथे काहीच घडलं नाही. संकलनाच्या यंत्रांत मात्र बाहेरची ग्राफिक्स कार्डं वगैरे बसवण्यासाठी ते अनेकदा काढून ठेवलेलं असे. काही यंत्रांवरची प्रणाली तर त्या कुलपाच्याही आधीची होती. गुगलनं चूक मान्य केली, अपडेट थांबवलं आणि दुरुस्तीच्या आज्ञा जाहीर केल्या. यंत्र रिकव्हरीत सुरू करायचं, टर्मिनलची खिडकी उघडायची आणि काही ओळी टाइप करायच्या. त्यातली एक ओळ तुटलेला दुवा पुन्हा जोडायची. यंत्र सुरू झालं, की आतली सगळी बिनं जिथल्या तिथे होती.