फणसाड अभयारण्य आणि स्थानिक समाज

रायगड जिल्ह्याच्या मुरूड व रोहा तालुक्यांतील डोंगराळ किनारपट्टीवरील संरक्षित वनक्षेत्र. जंजिरा संस्थानच्या नवाबांचे हे शिकारीचे राखीव रान होते. 1986 मध्ये अभयारण्य झाले. शेकरू, बिबट्या व गारंबीचे अजस्र वेल ही त्याची ओळख. भोवतालच्या गावांसाठी मात्र हे रान म्हणजे सरपण, गुरांची चराई, करवंदे-जांभळे, पावसाळी रानभाज्या आणि औषधी मुळ्या. कातकरी, ठाकर व धनगर कुटुंबांची गुजराण यावर पूर्वापार चालत आली. अभयारण्याच्या नियमांनी या वापरावर बंधने आली. वनहक्क कायदा (2006) अभयारण्यांनाही लागू असला, तरी ‘आपले रान सरकारचे झाले’ ही भावना सहज पुसली जात नाही, आणि ती रास्तच आहे.

गिधाडांच्या बाबतीत मात्र स्थानिक लोक आणि वन्यजीव-संरक्षण यांचा संबंध वेगळा दिसतो. जनावरांच्या उपचारांतील डायक्लोफिनॅक या औषधामुळे गिधाडांचा ऱ्हास झाला. 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. फणसाडमध्ये मेलेली गुरे गिधाडांसाठी खाद्य म्हणून ठेवण्याचा प्रयोग झाला. जिल्ह्यातच म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या ग्रामस्थांनी गिधाडांची घरटी असलेली झाडे राखली. चिरगाव मात्र फणसाड अभयारण्यात मोडत नाही.