इंटरफेसद्वारे गतिक मॉड्यूलचा वापर

प्रोग्रॅम चालू असताना बाहेरून लोड केलेल्या मॉड्यूलमधील मेथड, आधी ठरवलेल्या इंटरफेसच्या आधारे वापरण्याची पद्धत. मेथडचे नाव, तिला द्यायची माहिती आणि परत येणाऱ्या उत्तराचा प्रकार एवढेच इंटरफेस सांगतो. काम कसे करायचे ते मॉड्यूल ठरवते.

गरज : जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शेतमालाचा हिशेब करणारा एक प्रोग्रॅम कल्पावा. रावेरच्या केळीचा भाव प्रतीवर ठरतो. कापसात ओलाव्याचाही हिशेब असतो. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) हमीभाव खरेदीत 8 टक्के ओलावा आधार धरतात आणि त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत ओलाव्याच्या प्रमाणात भाव कमी होतो. दोन्ही हिशेब मूळ प्रोग्रॅममध्येच लिहिले, तर एका पिकाचा नियम बदलताच सारा प्रोग्रॅम नव्याने तयार करावा लागतो. ‘रक्कम काढ’ ही मेथड असलेला ‘शेतमाल’ इंटरफेस ठरवून प्रत्येक पिकाचे मॉड्यूल वेगळे केले, तर उद्या मका वाढवताना केवळ एक नवी फाइल पुरते.

कार्यपद्धती : प्रोग्रॅम ठरलेल्या फोल्डरमधील मॉड्यूल लोड करतो, त्यातील कोणता क्लास इंटरफेस पाळतो ते तपासतो, त्याचा ऑब्जेक्ट तयार करतो आणि इंटरफेसच्या प्रकाराच्या चलात ठेवतो. पुढे मेथड नेहमीसारखीच वापरता येते. रिफ्लेक्शनने नावावरून मेथड शोधणेही शक्य असते. मात्र तेव्हा नावातील चूक प्रोग्रॅम चालतानाच उघड होते. इंटरफेस वापरल्यास ती कंपायलरच पकडतो.

साधने : युनिक्समधील ‘डीएलसिम’ फंक्शनचा केवळ पत्ता देते, दिलेली माहिती योग्य प्रकारची आहे का, हे तपासत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ‘कॉम’मध्ये (1993) प्रत्येक इंटरफेस ‘आयअननोन’ या मूळ इंटरफेसवर आधारलेला असतो. जावा 6 पासून (2006) इंटरफेस पाळणारे क्लास शोधून देणारा ‘सर्व्हिसलोडर’ उपलब्ध आहे. डेटाबेसचे जेडीबीसी ड्रायव्हर त्याच्याच साहाय्याने आपोआप सापडतात.

दक्षता : इंटरफेस स्वतंत्र फाइलमध्ये असावा आणि मूळ प्रोग्रॅम व मॉड्यूल यांनी तिची एकच प्रत वापरावी. जावात क्लासची ओळख नाव आणि लोडर (तो क्लास लोड करणारा घटक) या दोहोंवर ठरते. दोन लोडरांनी दोन प्रती लोड केल्यास सारख्या नावाचे इंटरफेसही परके ठरतात. प्रसिद्ध केलेला इंटरफेस बदलू नये. नवी गरज नव्या इंटरफेसने भागवावी, म्हणजे इतरांनी लिहिलेली जुनी मॉड्यूल चालू राहतात. मॉड्यूलला सहसा मूळ प्रोग्रॅमचेच अधिकार मिळतात, म्हणून खात्रीच्या ठिकाणाहून आलेलीच मॉड्यूल लोड करावीत.