ढालीची लढत, गल्ल्याचा हिशेब

ऑगस्टमध्ये इंग्लंडचा फुटबॉल हंगाम तोंडावर आला की आदल्या मोसमातला लीगविजेता आणि एफए कपविजेता सहसा वेम्बलीवर समोरासमोर येतात. कम्युनिटी शील्डची ही जोडी आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती पहिल्यापासून अशीच असावी असं वाटतं. प्रत्यक्षात संघ, मैदान, महिना सगळं बदलत गेलं. पक्कं होतं ते एकच: गल्ल्यात जमलेला पैसा धर्मादाय कामाला द्यायचा.

मूळ कल्पना लंडनचे शेरिफ सर थॉमस ड्यूअर यांची. १८९८मध्ये त्यांनी माणसाहूनही उंच अशी ढाल करून घेतली आणि तिच्यासाठी हौशी व व्यावसायिक संघांना झुंजायला लावलं. पुढे हौशी मंडळींचं फुटबॉल असोसिएशनशी बिनसलं आणि १९०८मध्ये असोसिएशनने स्वतःची चॅरिटी शील्ड सुरू केली. पहिला मान लीगविजेत्या मँचेस्टर युनायटेडला आणि दक्षिणेतल्या वेगळ्या सदर्न लीगच्या विजेत्या क्वीन्स पार्क रेंजर्सला. एप्रिलमधला सामना १-१ सुटला. ऑगस्टमध्ये पुन्हा खेळून युनायटेडने ४-०ने बाजी मारली. १९११मध्ये युनायटेडच्या स्विंडनविरुद्धच्या ८-४ विजयात हॅरोल्ड हॅल्सने एकट्याने सहा गोल केले.

लीगविजेता विरुद्ध कपविजेता अशी गाठ पहिल्यांदा पडली ती १९२१मध्ये, बर्नली आणि टॉटनहॅम यांच्यात. तरीही हौशी विरुद्ध व्यावसायिक सामने विशीच्या दशकात चालूच होते. हंगामाच्या आरंभीची जागा तर थेट १९५९मध्ये मिळाली.

मग १९६७. ओल्ड ट्रॅफर्डवर टॉटनहॅमचा गोलरक्षक पॅट जेनिंग्सने आपल्याच पेनल्टी क्षेत्रातून हातातला चेंडू लाथेने उंच उडवला. तो पार दुसऱ्या टोकाला पडला, टप्पा घेऊन पुढे सरसावलेल्या मँचेस्टर युनायटेडच्या गोलरक्षक अ‍ॅलेक्स स्टेपनीच्या डोक्यावरून उसळला आणि जाळ्यात गेला. सामना ३-३ बरोबरीत सुटला.

त्यानंतर मात्र या लढतीची रया गेली. सत्तरीच्या सुरुवातीला विजेतेच नकार देऊ लागले. १९७२मध्ये मँचेस्टर सिटीसमोर तिसऱ्या डिव्हिजनचा विजेता अ‍ॅस्टन व्हिला उभा करावा लागला. असोसिएशनचे सचिव टेड क्रोकर यांनी १९७४मध्ये सामना वेम्बलीवर नेला आणि लीगविजेता विरुद्ध कपविजेता हा शिरस्ता बसवला. लढत वाचली ती या निर्णयानेच.

पण त्या पहिल्याच सामन्याला गालबोट लागलं. लिव्हरपूलचा केव्हिन कीगन आणि लीड्सचा कर्णधार बिली ब्रेमनर हातघाईवर आले, दोघांनाही बाहेर काढलं गेलं आणि जाताना दोघांनी अंगातले शर्ट काढून फेकले. लीड्सचे नवे व्यवस्थापक ब्रायन क्लफ आणि लिव्हरपूलचा निरोप घेणारे व्यवस्थापक बिल शँक्ली यांच्या डोळ्यांदेखत हे घडलं. सामना १-१ राहिला. पेनल्टींवर लिव्हरपूल ६-५ने जिंकलं. दोघा खेळाडूंना मोठी बंदी भोगावी लागली. धर्मादाय सामन्यात असं वागणं लोकांच्या जिव्हारी लागलं, आणि ते रास्तच होतं.

त्याहून गंभीर दोष पुढे हिशेबात सापडला. तिकिटांतला नेमका किती पैसा दानाला जातो हे असोसिएशनने स्पष्ट केलं नव्हतं आणि रकमा पोचायलाही उशीर होत होता, असा ठपका धर्मादाय आयोगाने ठेवला. २००२मध्ये चॅरिटी शील्डची कम्युनिटी शील्ड झाली. आता उत्पन्नातला वाटा एफए कपच्या पहिल्या फेरीपासून पुढे खेळलेल्या क्लबांना मिळतो आणि तो कोणत्या सेवाकार्याला द्यायचा, हे ते क्लब ठरवतात.