चाळीस बिटांची किल्ली

जाफराबादमधील एखादे शिक्षक आज मोबाइलवर बँकेतील शिल्लक पाहतात, तेव्हा ती माहिती गुप्त लिपीत बदलून प्रवास करते. या क्रियेला कूटलेखन म्हणतात. हेच गणित काही वर्षांपूर्वीपर्यंत कायद्याच्या लेखी युद्धसामग्री होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

कूटलेखनाची पद्धत सर्वांना माहीत असली तरी चालते. गुप्त ठेवायची ती किल्ली. किल्ली म्हणजे ० आणि १ या अंकांची माळ. माळेत एक अंक, म्हणजे एक बिट, वाढला की संभाव्य किल्ल्यांची संख्या दुप्पट होते. ४० बिटांच्या किल्ल्या होतात सुमारे १ लाख १० हजार कोटी. सेकंदाला एक कोटी किल्ल्या तपासणारे यंत्र त्या सर्व ३०-३१ तासांत तपासून मोकळे होईल. १२८ बिटांच्या किल्ल्यांना मात्र त्याच वेगाने विश्वाचे आजवरचे वयही अपुरे पडेल.

अमेरिकेने कूटलेखनाची साधने शस्त्रास्त्रांच्या निर्यातयादीत घातली होती. १९९० नंतरच्या काही वर्षांत ४० बिटांपर्यंतची आज्ञावली परदेशी पाठवणे सोपे झाले. त्याहून बळकट आज्ञावलीला परवाना लागे. त्यामुळे नेटस्केप या ब्राउझरच्या दोन आवृत्त्या निघाल्या : अमेरिकेत १२८ बिटांची, इतरांसाठी ४० बिटांची. ऑगस्ट १९९५ मध्ये फ्रान्समधील संशोधक दामियँ दोलिजेझ यांनी सुमारे १२० संगणक जोडून ४० बिटांनी झाकलेला एक संदेश आठ दिवसांत उलगडून दाखवला.

निर्बंध नेमका कशावर, हाच खरा पेच होता. ब्रूस श्नायर यांच्या कूटलेखनावरील पुस्तकात आज्ञावल्या छापल्या होत्या. १९९४ मध्ये फिल कार्न यांनी विचारणा केली, तेव्हा पुस्तक परदेशी पाठवण्यास हरकत नाही असे उत्तर आले; त्याच आज्ञावल्यांच्या फ्लॉपीला मात्र परवानगी नाकारली. मजकूर तोच, कागदावर असला तर विचार आणि फ्लॉपीवर असला तर शस्त्र! गणितज्ञ डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९५ मध्ये न्यायालयात दाद मागितली. आज्ञावली हीदेखील अभिव्यक्तीच, असे न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा मात्र कधी आलाच नाही. जानेवारी २००० मध्ये सरकारनेच नियम पुष्कळ सैल केले.

आपल्याकडे हा पेच वेगळ्या रूपात आला. १९९८ नंतर खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेचे परवाने मिळू लागले. त्यांत अट होती, की ४० बिटांपर्यंतचे कूटलेखन विनापरवानगी वापरता येईल. त्याहून बळकट हवे असेल तर लेखी परवानगी घ्यावी आणि उलगडण्याची किल्ली दोन भागांत दूरसंचार खात्याकडे ठेवावी. इकडे मुंबईतील सेबीने २००० मध्ये इंटरनेटवरील शेअरव्यवहारांसाठी ६४ किंवा १२८ बिटांचे कूटलेखन सांगितले. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिटांची शिफारस केली. एक हात दार किलकिले ठेवा म्हणत होता, दुसरा कडीकुलूप लावा म्हणत होता. मग ग्राहकाने १२८ बिटांनी बँकेशी बोलावे, तर परवानगी कोणी घ्यायची? बँकेने, सेवा देणाऱ्या कंपनीने, की ग्राहकाने?

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ८४-अ आले; कूटलेखनाच्या पद्धती ठरवण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला. सप्टेंबर २०१५ मध्ये धोरणाचा मसुदा निघाला. संदेशाची साधी, उघडी प्रत ९० दिवस जपून ठेवावी, अशी अट त्यात होती. टीका होताच काही दिवसांतच तो मागे घेतला गेला.

गुन्ह्याच्या तपासासाठी शासनाला संदेश वाचावेसे वाटतात, ही गरज खोटी नाही. पण किल्ली कमकुवत केली, तर ती पोलिसांइतकीच चोरालाही उघडता येते. गणित दोघांत भेद करीत नाही. वर्गात मुलांना ३ बिटांच्या आठही किल्ल्या मांडायला सांगाव्यात, मग ४ बिटांच्या सोळा. दुपटीचा हा वेग हाताने अनुभवला, की ४० आणि १२८ यांच्यासाठी एवढा वाद का झाला, ते त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.