नैनितालचे मैदान

कोणत्याही गावातील सार्वजनिक बाग किंवा मैदान घेतले, तर त्याच्या इतिहासात बहुधा एखादा उदार दाता, नगरपालिकेचा एखादा ठराव आणि कोनशिला बसविणारा एखादा अधिकारी आढळतो. कुमाऊँच्या डोंगरांत, ६,००० फुटांहून अधिक उंचीवर तळ्याकाठी वसलेल्या नैनितालच्या मैदानाची कथा मात्र निराळी आहे. ‘फ्लॅट्स’ या नावाने ओळखली जाणारी ती जागा मुख्यतः डोंगर कोसळल्यामुळे गावाच्या पदरात पडली, आणि तिच्यापायी १५१ माणसांचे प्राण गेले.

१८४१ साली शहाजहानपूरचा साखरेचा व्यापारी बॅरन याने येथे पहिले युरोपीय पद्धतीचे घर बांधले. पुढे वायव्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात येथे मुक्कामाला येऊ लागले आणि गावाची भरभराट झाली. चहूकडे डोंगर, मध्ये तळे. सपाट जागा अशी थोडीच. तेव्हा उतार खणून, झाडे तोडून घरे, हॉटेले आणि रस्ते उभे राहिले. तळ्याच्या वरच्या टोकाला मल्लीताल म्हणतात, खालच्याला तल्लीताल. मल्लीतालच्या बाजूला काठावर नैनादेवीचे देऊळ होते, जवळच साहेबलोकांची असेंब्ली रूम्स ही इमारत होती, आणि वरच्या उतारावर व्हिक्टोरिया हॉटेल होते.

डोंगराने इशारा दिला नव्हता असे नाही. १८६६ साली आल्मा टेकडीवर दरड कोसळली होती. १८७९ साली त्याच ठिकाणी त्याहून मोठी कोसळली. या बाजूचा खडक पापुद्र्यांचा, ठिसूळ. त्याच्या भेगांत पाणी मुरले की वरचा थर खालच्यावरून घसरू लागतो. परंतु पावसाळा सरला की माणसाची भीतीही ओसरते. गावाचा व्यवहार पूर्ववत चालू राहिला.

१८८० च्या सप्टेंबरात पावसाने कहर केला. शनिवार, १८ तारखेच्या सकाळपर्यंतच्या ४० तासांत २० ते ३५ इंच पाऊस पडल्याची नोंद आहे. त्या सकाळी हॉटेलच्या मागचा कडा ढासळला आणि नोकरांच्या खोल्यांसह इमारतीचा काही भाग त्याखाली गेला. गाडलेल्यांना काढण्यासाठी माणसे धावली. अधिकारी आले, शिपाई आले, मजूर आले. ते चिखल उपसत असतानाच, दुपारी दीडच्या सुमारास, वरचा सारा उतार सुटला. काही क्षणांत हॉटेल, देऊळ आणि असेंब्ली रूम्स यांच्यावरून मातीचा लोंढा तळ्यात जाऊन पडला. मृत व बेपत्ता मिळून १०८ हिंदी लोक आणि ४३ युरोपीय अशी गणती झाली. त्यांत कित्येक असे होते, की जे दुसऱ्याला वाचविण्यासाठी तेथे गेले होते. पुष्कळांचे देह कधी सापडलेच नाहीत.

मल्लीतालच्या काठाशी आलेल्या त्या मातीच्या राशीवर पुढे सपाट मैदान तयार करण्यात आले. नैनादेवीचे देऊळ काठावर पुन्हा उभे राहिले. मैदानात हॉकी, फुटबॉल, क्रिकेटचे सामने रंगू लागले, आणि भाद्रपदात नंदादेवीच्या जत्रेला सारे कुमाऊँ लोटू लागले. पायाखाली काय आहे याची आठवण खेळणाऱ्या मुलांनी सतत बाळगावी, असे कोणी म्हणणार नाही. जिथे मरण आले तिथेच मुले खेळू लागावीत, यात वावगे काहीच नाही.

तथापि नगराने विसरून चालत नाही. त्या काळच्या कारभाऱ्यांनी दुर्घटनेनंतर दोन कामे केली: डोंगरावरचे पाणी मुरण्याआधीच खाली तळ्यात उतरावे म्हणून पक्के नाले बांधले, आणि उतारावर घरे बांधण्याचे नियम कडक केले. माझ्या मते त्या १५१ जणांचे खरे स्मारक हे नालेच होत. परंतु स्मारकाची निगा राखावी लागते. १८९८ साली तळ्याच्या खालच्या अंगाला, बलिया नाल्याच्या बाजूस, पुन्हा दरड कोसळून माणसे दगावली. पुढच्या काळात नाल्यांत राडारोडा साचला, कित्येक ठिकाणी त्यांच्या अंगावर बांधकामे आली; आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तळ्याकाठच्या खालच्या माल रस्त्याचा एक तुकडा खचून पाण्यात गेला.

ही दूरच्या डोंगराची गोष्ट म्हणून आपल्याला सोडून देता येत नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि तेथेही १५१ माणसे गेली. त्यानंतर २०२१ साली महाडजवळचे तळिये आणि २०२३ साली खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी आपण हळहळलो आणि मदत पाठविली. ते योग्यच झाले. पण हळहळ एका पावसाळ्यापुरती टिकते, नाला नीट राखला तर शंभर वर्षे टिकतो. आपल्या गावाच्या टेकडीवरचे पाणी कोणत्या वाटेने खाली येते, ती वाट आज मोकळी आहे काय, आणि ती अडविण्याची परवानगी कोणी कोणाला दिली, हे प्रश्न मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी नगरपालिकेच्या दारात जाऊन विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे, आणि कर्तव्यही.