रोजनामचा आणि आपण

आपल्या आजोबांनी गाव सोडून मुंबई कोणत्या साली गाठली, हे आपणांपैकी किती जणांना सांगता येईल? 'मोठ्या वादळाच्या आधी', 'थोरल्या फूफीच्या लग्नानंतर' इतपतच उत्तर बहुधा मिळते. मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, असा आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. त्याप्रमाणे दुकानाचा रोजमेळ आपल्याकडे चोख ठेवला जातो. आयुष्याच्या दिवसांचा मात्र कुणी ठेवत नाही.

ही रीत आपल्या समाजात कधी नव्हतीच, असे मात्र समजू नका. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी यांचे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले असेल. त्यांच्या विस्तृत घराण्यात 'अखबार' नावाच्या वह्या असत. घरातील पुरुष, स्त्रिया आणि मुलेही त्यांत लिहीत. कोण पाहुणे आले, कोण आजारी पडले, सहल कोठे गेली, अशा साध्यासुध्या नोंदी. मुंबईच्या मुस्लिम कुटुंबांचे जीवन अभ्यासणाऱ्यांना आज याच वह्यांचा मोठा आधार वाटतो.

याच नात्यागोत्यातील अतिया फैजी. त्यांची बहीण नाझली ही जंजिऱ्याच्या नवाबांची बेगम, म्हणजे आपल्या कोकणाशीही त्यांचा संबंध आला. १९०६ च्या सप्टेंबरात सरकारी शिष्यवृत्ती घेऊन अतिया लंडनला शिक्षक-प्रशिक्षणासाठी गेल्या. मुलींना मक्तबच्या पुढे पाठवावे की नाही, यावर जेथे वाद होता, त्या काळची ही गोष्ट आहे. तेथून त्या उर्दूत रोजनामचा लिहीत आणि बहीण जोहरा यांच्याकडे पाठवीत. वर्गातले शिक्षण, भेटीगाठी, तेथील रीतिरिवाज, घरची आठवण, सारे त्यात आले. जोहरांनी तो नीटनेटका करून दिला आणि १९०७ मध्ये लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या पत्रात तो छापला जाऊ लागला. परदेश काय, मोहल्ल्याबाहेरचा रस्ताही ज्यांनी फारसा पाहिला नव्हता, अशा किती वाचकांनी तो वाचला असेल!

पुढे प्रकृती बिघडली आणि अभ्यासक्रम पूर्ण न करताच अतिया १९०७ मध्ये परतल्या. प्रमाणपत्र हाती आले नाही. रोजनामचा मात्र १९२१ साली 'जमाना-ए-तहसील' या नावाने पुस्तकरूपात निघाला, आणि २०१० मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. मी स्वतः बी. ए., बी. एड्. आहे, तेव्हा पदवीला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही, परीक्षा द्याच. पण त्या वर्षी अतिया काय शिकल्या, हे आज आपल्याला कळते ते त्या वहीमुळे.

आता योगायोग पाहा. अतिया लंडनमध्ये लिहीत होत्या, त्याच सुमारास त्याच आप्तवर्गातला दहा वर्षांचा एक पोरका मुलगा मुंबईत खेतवाडीला मामांच्या घरी राहून आपल्या वहीत चिमण्यांविषयी लिहीत होता. तबेल्यात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर राखणीला. मुलाने नर टिपला. थोड्याच वेळात दुसरा नर त्या जागी आला. तोही टिपला, तर तिसरा. सात दिवसांत आठ नर पडले, असे त्याने लिहून ठेवले. खरे तर ही शिकारीची बढाई होती, आणि त्या चिमण्यांची कीव आल्यावाचून राहत नाही. पण त्याने पाहिले तेवढेच लिहिले, मनाचे काही घातले नाही. म्हणूनच सुमारे साठ वर्षांनी पक्षिनिरीक्षकांच्या एका पत्रिकेत ती नोंद जवळजवळ जशीच्या तशी छापली गेली आणि पक्ष्यांच्या वागणुकीचा पुरावा म्हणून तिला मोल आले. हा मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली (१८९६–१९८७). विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे त्यांना पक्षितज्ज्ञाची सरकारी जागा मिळाली नव्हती. १९३० मध्ये नोकरी गेलेली असताना त्यांनी अलिबागजवळच्या किहीमला सुगरण पक्ष्यांची घरटी निरखली, नोंदी केल्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांवरचा निबंध प्रसिद्ध झाला.

मुलांनो, वही साधी असली तरी चालेल. ईशानंतर पाच मिनिटे बसा. वर तारीख घाला आणि खाली त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेले चार ओळींत लिहा. 'आज खूप मजा आली' ही काही नोंद नव्हे. मजा कशाने आली ते लिहा. भाषा घरात बोलता तीच ठेवा. निबंधाच्या गाइडातली वाक्ये तेथे नकोत. एखाद्याशी भांडण झाले तर त्याची बाजूही लिहून पाहा, राग पुष्कळदा कागदावरच उतरतो. पालकांना एक विनंती: मुलाने दाखविल्याशिवाय त्याची वही उघडू नका, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून तो तुमच्यासाठी लिहू लागेल.

आणि घरात पेटीच्या तळाशी कुवेत, बहरीनहून आलेली जुनी पत्रे असतील तर या सुट्टीत ती बाहेर काढा. दादी-नानींना विचारून प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने साल आणि लिहिणाऱ्याचे नाव घाला. हे काम त्यांच्या हयातीतच होऊ शकते.